शाळेतलं किशोरवयीन आरोग्यशिक्षण आणि संशोधन अधिछात्रवृत्ती: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळांत किशोरवयीन आरोग्यशिक्षणावर अधिछात्रवृत्ती (बोलताना सगळे फेलोशिपच म्हणतात) घेऊन संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. अर्ज कसा भरायचा हे त्या-त्या जाहिरातीत असतं. जाहिरातीत नसतं ते इथे जास्त आहे.

फेलोशिप घेऊन शाळेत आरोग्याचे तास घ्यायचे, की संशोधन करायचं?

संशोधन करायचं. तास घेणं हा संशोधनाचा भाग असू शकतो, पण तेवढ्यासाठी फेलोशिप मिळत नाही. ‘२० शाळांत पाळीविषयी जागृती केली’ हा अहवाल झाला. ‘जागृती केल्यावर पाळीच्या दिवसांतली मुलींची गैरहजेरी कमी झाली का, आणि झाली नसेल तर कुठे अडलं’ हे संशोधन झालं. अर्ज बाद होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हा फरक न कळणं हेच असतं.

पैसे कुठून मिळतात?

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षं आहे आणि ठरावीक गटांना सवलत मिळते. शिक्षणशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र, गृहविज्ञान, शारीरिक शिक्षण यांपैकी कुठल्याही विषयातून या कामाकडे येता येतं. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. पीएचडी करणाऱ्यांसाठी राज्यातही संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी फेलोशिपही आहे. एका वेळी एकच घेता येते.

पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून चालू नका. हजेरीपत्रक आणि मार्गदर्शकाची सही वेळेत गेली नाही तर दोन-तीन महिन्यांची रक्कम एकदम येते. क्षेत्रकामाच्या महिन्यांपुरता गाडीभाड्याचा पैसा आधीच बाजूला ठेवा. धडगावच्या घाटात अडकल्यावर उधारी चालत नाही.

विषयाचं शीर्षक कसं असावं?

‘खान्देशातील किशोरवयीन मुला-मुलींच्या आरोग्याचा चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक नको. यात वय, इयत्ता आणि जागा ठरलेली नाही, आणि काय मोजणार तेही कळत नाही. त्यापेक्षा हे पाहा: ‘अक्राणी तालुक्यातल्या आश्रमशाळांत आठवी ते दहावीच्या मुली आठवड्याची लोहगोळी प्रत्यक्ष गिळतात का, आणि न गिळण्याची कारणं कोणती’. ऐकायला साधं वाटतं, पण तपासणाऱ्याला दुसऱ्याच ओळीत काम समजतं.

वय कोणतं धरायचं? आधीचे आकडे कुठे मिळतील?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षं वयाला किशोरवय म्हणते. २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमही हीच व्याख्या वापरतो. शाळेत मात्र पाचवी ते दहावी, फार तर बारावीपर्यंतचीच मुलं भेटतात. शाळा सोडलेली, लग्न झालेली आणि ऊसतोडीला गेलेली मुलं नमुन्यात येत नाहीत, हे मर्यादांत स्पष्ट लिहा.

आकड्यांचा एक सापळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय दिसतो. २०१६–१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलींमध्ये तोच ४० टक्के आहे. मुलींची तब्येत अचानक बिघडली असा याचा अर्थ नाही. वयोगट वेगळे आहेत, शिवाय पहिल्यात बोटाचं रक्त घेतलं, दुसऱ्यात शिरेतलं. हे दोन आकडे एकाच तक्त्यात शेजारीशेजारी मांडणारा अर्ज जाणकाराच्या लगेच नजरेत भरतो.

शाळेत जायला परवानगी कोणाची?

शाळा कोणाची आहे त्यावर ते ठरतं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), हायस्कुलांसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक). त्यांचं पत्र घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि मग केंद्रप्रमुखांकडे जायचं. अनुदानित खासगी शाळेत सरकारी पत्र असलं तरी संस्थाचालकांचा होकार लागतोच, नाहीतर मुख्याध्यापक ‘परीक्षा झाल्यावर या’ म्हणतात. आश्रमशाळा शिक्षण विभागाकडे नाहीत, आदिवासी विकास विभागाकडे आहेत. तिथे प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी लागते. खान्देशात तळोदा, नंदुरबार, धुळे आणि यावल अशी चार प्रकल्प कार्यालयं आहेत. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज कोणी परत करत नाही, तो तिथेच पडून राहतो. म्हणून आवक क्रमांक घ्या आणि आठवड्याने स्वतः जाऊन विचारा.

पत्रात तीन गोष्टी आकड्यांत द्या: किती तासिका लागतील, कोणत्या इयत्ता, आणि शिक्षकांवर काय काम पडेल. तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा.

शाळांची यादी कुठून घ्यायची?

यूडायसवरून, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यावरून. प्रत्येक शाळेचा ११ अंकी क्रमांक असतो. नंदुरबारचे २७०१, धुळ्याचे २७०२ आणि जळगावचे २७०३ ने सुरू होतात. मात्र यादीतला पट आणि वर्गातली हजेरी यांत फरक पडतो, आणि काही शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झालेल्या असतात. नमुना काढण्याआधी केंद्रप्रमुखांना एक फोन करून यादी ताडून घ्या.

नमुना किती घ्यावा? ३८४ पुरेत ना?

बहुतेक वेळा पुरत नाहीत. ५० टक्के प्रमाण आणि ५ टक्के चूक धरून निघणारे ३८४ हे सुटी सुटी माणसं निवडली तर आहेत. तुम्ही अख्खे वर्ग उचलता, आणि एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: एकच शिक्षक, एकच गाव, एकच टपरी. समजा प्रत्येक शाळेतून ३० मुलं घेतली आणि वर्गांतर्गत साम्याचा गुणांक ०.०५ धरला. मग रचना परिणाम (नमुना किती पटीने वाढवायचा तो आकडा) १ + (२९ × ०.०५) = २.४५ येतो. ३८४ × २.४५ म्हणजे ९४१. त्यात १५ टक्के गैरहजेरी धरली तर ९४१ ÷ ०.८५ = सुमारे १,१०७ मुलं, म्हणजे ३७ शाळा. एकट्याच्या फेलोशिपला हे झेपत नसेल तर प्रश्न लहान करा. नमुना लहान करून प्रश्न तसाच मोठा ठेवणं ही नेहमीची चूक आहे.

नैतिकता समितीची मान्यता लागते का? आमचं तर कला महाविद्यालय आहे.

लागते. मुलांवरचं आरोग्य संशोधन आहे, मग नुसती प्रश्नावली असली तरीही. महाविद्यालयात समिती नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे अर्ज करता येतो का ते विचारा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असावी. बैठक ठरावीक काळानेच होते आणि पहिल्या फेरीत शंका निघतातच. दोन-तीन महिने धरा. शाळांचे दोन गट करून एका गटात कार्यक्रम राबवणार असाल, तर पहिलं मूल नोंदवण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी करा. मागाहून ती होत नाही.

संमती कोणाची घ्यायची? मुख्याध्यापकांची सही चालेल?

नाही. मुख्याध्यापक शाळेत येऊ देतात, मुलाच्या वतीने संमती देऊ शकत नाहीत. आश्रमशाळेच्या अधीक्षकांचंही तेच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची लेखी संमती लागते. त्यावर ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ च्या मुलाचा लेखी होकार लागतो. पालकांनी हो म्हटलं आणि मूल नाही म्हणालं, तर उत्तर नाही.

खरी अडचण पालक गाठण्याची असते. सातपुड्यातल्या आश्रमशाळेत मुलाचं गाव ३० किलोमीटर लांब आणि आई-बाप गुजरातेत ऊसतोडीला, असं होतं. पालक स्वतः शाळेच्या दारात येतात ते दोनदा: जूनमध्ये मुलांना सोडायला आणि दिवाळीच्या सुट्टीत न्यायला-आणायला. तेच संमतीचे दिवस. फाटकापाशी सावलीत टेबल मांडा, पावरी किंवा भिली बोलणारा माणूस बसवा आणि पत्रक वाचून दाखवा. अंगठा घेतला तर साक्षीदाराची सही घ्या. हा साक्षीदार तुमच्या चमूतला नको. मुलांच्या दप्तरातून पाठवलेली पत्रकं फार कमी परत येतात, आणि आली तरी कधीकधी वीस अर्जांवर एकाच पेनाने, एकाच वळणाच्या सह्या असतात.

क्षेत्रकाम कधी करावं?

जुलैचा दुसरा आठवडा ते सप्टेंबरअखेर हा सगळ्यात बरा काळ. त्यातही श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. त्याच्या आगेमागे मुली वर्गात कमी दिसतील. ऑक्टोबरपासून कापूसवेचणी. दिवाळीनंतर नंदुरबार आणि साक्रीकडून ऊसतोडीचं स्थलांतर. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात आणि धडगाव-अक्कलकुव्याकडचे वर्ग रिकामे होतात. मार्च परीक्षेचा. एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळच्या पत्र्याच्या वर्गात दुपारी एक वाजता ४० मिनिटांची प्रश्नावली देऊ नका. शेवटची दोन पानं मुलं न वाचताच भरतात. गावच्या आठवडे बाजाराचा दिवसही टाळा.

यात एक मोठा धोका आहे. पहिली मोजणी जुलैत आणि दुसरी जानेवारीत केली, तर मधल्या काळात सगळ्यात गरीब घरची मुलं गावाबाहेर गेलेली असतात. उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते आणि ते श्रेय तुमच्या कार्यक्रमाला जातं. दोन्ही मोजण्यांत हजर असलेल्या मुलांचीच तुलना करा, आणि गळालेली मुलं पहिल्या मोजणीत कशी होती हे वेगळ्या तक्त्यात दाखवा.

प्रमाण मराठी प्रश्नावली चालेल का?

जळगाव शहरात चालेल. अमळनेर-पारोळ्याच्या खेड्यात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, नंदुरबारला भिली, मावची, पावरी, गुजरी. मुलांना मराठी वाचता येतं, पण दुखणं ती घरच्या भाषेत सांगतात. ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास वाटले?’ या वाक्यात दोन अडथळे आहेत. ‘उदास’ हा पुस्तकातला शब्द आहे. अहिराणी बोलणारं मूल ‘माले करमस नही’ म्हणेल, नाहीतर मनाचं काही न सांगता ‘डोकं दुखस’ म्हणेल. आणि ‘दोन आठवडे’ हे माप त्याच्या डोक्यात नसतं. ‘मागच्या दोन बाजारांपासून’ म्हटलं की लगेच कळतं.

पद्धत अशी: मराठीतून बोलीत भाषांतर करा, दुसऱ्या माणसाकडून ते परत मराठीत आणा आणि दोन्ही ताडून पाहा. मग त्याच वयाच्या ८–१० मुलांना एकेक प्रश्न वाचून विचारा, ‘यात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग.’ हा शेवटचा टप्पा सगळे गाळतात, आणि चूक बहुधा तिथेच सापडते. प्रमाणित प्रश्नावलीचे शब्द बदलत असाल तर तिच्या परवानगीच्या अटी आधी वाचा.

तंबाखूबद्दल मुली ‘नाही’च सांगतात. खरंच खात नसतील?

खात नसतील, लावत असतील. ‘तंबाखू खातेस का?’ विचारलं की मिश्रीने दात घासणारी मुलगी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. तिच्या लेखी ते दंतमंजन आहे. प्रत्येक प्रकार वेगळा विचारा: मिश्री, जर्दा, तंबाखू-चुना, गुटखा, विडी, सिगारेट. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे ‘विकत घेतोस का’ ऐवजी ‘मागच्या महिन्यात तोंडात टाकलास का’ असं विचारा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला मनाई आहे. दुकानं मोजायची तर टेपने मोजा, अंदाजाने नको.

वर्गात प्रश्नावली भरून घेताना काय बिघडतं?

एका बाकावर तिघं बसतात आणि मधल्याची उत्तरं दोन्हीकडे जातात. परीक्षेसारखं बसवा. वर्गशिक्षकांना नम्रपणे बाहेर बसायला सांगा. ते मागे उभे राहिले तर ‘शाळेत मारतात का?’ या प्रश्नाला सगळा वर्ग ‘कधीच नाही’ लिहितो. भरलेले कागद हातात घेऊ नका, फट असलेल्या बंद खोक्यात टाकायला सांगा. वाचायला अडखळणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी प्रश्न मोठ्याने वाचणारा एक जण ठेवा आणि सगळ्यांनाच त्या गतीने चालवा, म्हणजे कोणी वेगळं पडत नाही.

हिमोग्लोबिन तपासावं का?

तुमच्या प्रश्नाला त्याची गरज असेल तरच. ‘असू द्या’ म्हणून मुलाच्या बोटाला टोचू नका. तपासणार असाल तर प्रशिक्षित माणसाकडूनच. हात गार असेल तर कोमट पाण्याने धुवून पुसायचा, बोटाच्या बाजूला टोचायचं, पहिले थेंब पुसून टाकायचे, बोट पिळायचं नाही. पिळलं की पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा खाली येतो. क्युव्हेटच्या (रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांच्या) डबीचं झाकण उघडं राहिलं तर ओलाव्याने पट्ट्या बिघडतात, आणि हे पावसाळ्यात हमखास होतं. रक्तक्षयाची सीमा ५ ते ११ वर्षं: ११.५ ग्रॅमच्या खाली, १२ ते १४: १२ च्या खाली, १५ च्या पुढे मुलींना १२ आणि मुलांना १३. सगळ्यांना १२ लावलं की नववी-दहावीच्या मुलांचा रक्तक्षय कमी दिसतो.

नंदुरबारला रक्तक्षय दिसला की लोहाची कमतरता समजायची का?

लगेच तसं समजू नका. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, आणि त्यानेही रक्तक्षय होतो. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, त्यात ० ते ४० वयाची तपासणी होते. त्यामुळे बऱ्याच मुलांची तपासणी आधीच झालेली असते. आरोग्य केंद्रात नोंद पाहा. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला लोहगोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचा. आणि कोणाचा निकाल काय आला हे वर्गात फुटू देऊ नका. वाहक मुलगी (जिच्यात सिकलसेलचं एकच जनुक आहे) आजारी नसते, पण ‘तिला सिकल आहे’ एवढंच गावात पोचलं की लग्नाच्या बोलण्यात तिला ते नडतं.

आठवड्याची लोहगोळी मुलं का टाकून देतात?

निळी गोळी, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. ती उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळते, त्यावर गोळी बसते. नववी-दहावीला पोषण आहार नाही. सकाळी चहा पिऊन आलेली मुलगी पहिल्या तासाला गोळी घेते आणि तासाभरात ओकते. तिला पाहून आणखी चार जणींना मळमळतं, दुपारपर्यंत पालक शाळेत जमतात आणि पुढच्या सोमवारी सगळ्या गोळ्या खिडकीबाहेर जातात. संशोधन करताना रजिस्टरवरच्या खुणा मोजू नका. गोळी कोणत्या वेळी, काय खाऊन, कोणासमोर घेतली ते विचारा. शौच काळी होते हे आधी सांगितलं होतं का, तेही विचारा.

तास कोणी घ्यावेत, शिक्षकांनी की बाहेरच्याने?

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करायचे आहेत. विषय ११ आहेत. कागदावर हे चांगलं दिसतं. पण बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ‘सेहेर’ चाचणीत (२०१८ मध्ये प्रसिद्ध) तोच कार्यक्रम शिक्षकांनी आणि खास नेमलेल्या समुपदेशकांनी, वेगवेगळ्या शाळांत राबवला. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, शिक्षकांच्या शाळांत जवळजवळ काहीच हललं नाही. खान्देशातही तेच होईल असं नाही. पण ‘शिक्षक करतील’ असं लिहिताना त्यांच्या डोक्यावर आधीच किती नोंदवह्या आहेत ते मोजा. खात्रीने काम करणारी शिक्षिका बदलीने गेली तर कार्यक्रम तिच्याबरोबर जातो. म्हणून बदल्यांच्या आधी, एकाच शैक्षणिक वर्षात मोजणी संपवा.

मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर?

पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे विशेष बालपोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. न कळवणं गुन्हा आहे. १८ वर्षांखालच्या मुलाची संमती कायदा मानत नाही, म्हणून ‘ते दोघं राजीखुशीने’ हे कारण चालत नाही. त्यामुळे ‘तू सांगशील ते कोणालाच कळणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. होकारपत्रात साध्या शब्दांत लिहा: ‘तुझ्या जिवाला किंवा अंगाला कोणी इजा केली असं कळलं, तर आम्हाला ते सांगावं लागेल.’ मुलाची परत परत चौकशी तुम्ही करू नका, ते तपासाचं काम आहे.

आणि जीव द्यावासा वाटतो असं कोणी लिहिलं तर?

तो प्रश्न विचारणार असाल तर कागद त्याच दिवशी, शाळा सोडण्याआधी पाहायचे. रात्री मुक्कामी बसून वाचायचे नाहीत. कागदावर नाव नको, पण कोणाचा आहे हे शोधता येईल असा संकेतांक हवा. त्या मुलाशी कोण बोलेल, घरी कोण कळवेल आणि जिल्हा रुग्णालयात कोण नेईल, ही तीन नावं क्षेत्रकामाआधी ठरलेली असावीत. टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ हे क्रमांक सगळ्या वर्गाला द्या, एकट्याला नको. जिथे मोबाईलला रेंजच नाही अशा गावात हे क्रमांक उपयोगाचे नाहीत. तिथे उपकेंद्रातली परिचारिका आणि आशाताई यांच्याशी आधीच बोलून ठेवा. ही सोय होत नसेल तर तो प्रश्न काढून टाका.

मुलं-मुली एकत्र बसवायचे की वेगळे?

पोषण, व्यसन, अपघात, मोबाईल यांसाठी एकत्र. पाळी आणि शरीरातले बदल दोघांनाही शिकवा, पण पहिला तास वेगळा घ्या. प्रश्न विचारायला चिठ्ठीची पेटी ठेवा. मुलग्यांना पाळीचा तास ‘नको’ म्हणून बाहेर पाठवलं की पुढचा महिनाभर मुलींची चेष्टा होते.

निष्कर्ष शाळेला द्यायचे का?

द्यायचे, त्याच शैक्षणिक वर्षात, एका पानावर, मराठीत. प्रबंधाची प्रत नको, ती कपाटात जाते. गावाचं आणि शाळेचं नाव प्रकाशित लेखात घालू नका. ‘तोरणमाळजवळची मुलींची आश्रमशाळा’ एवढं लिहिलं तरी ती ओळखू येते. हिमोग्लोबिन फार कमी आलेल्या मुलांची यादी मात्र वर्ष संपेपर्यंत थांबवायची नाही. ती त्याच दिवशी पालकांपर्यंत आणि आरोग्य केंद्रापर्यंत जायला हवी, बंद पाकिटात.